तीस मिलीच्या आत

सकाळचे साडेसात वाजले होते आणि शैलजा चौगुले बेसिनपाशी उभी राहून आपल्याच अंगातून निघालेलं पाणी मोजत होती.

परकराच्या नाडीला दोन सेफ्टीपिना आणि पिनांना टांगलेले दोन फुगे. ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले, तेव्हापासून हाच तिचा कंबरपट्टा. फुगे मऊ प्लास्टिकचे, मध्यम डाळिंबाएवढे. दोन्हींच्या तोंडातून एकेक बारीक नळी निघून ओटीपोटाच्या दोन कडांना कातडीत शिरलेली. आत साचणारं पाणी ओढून बाहेर आणायचं, एवढंच त्यांचं काम. तिनं डावा फुगा मापाच्या पेल्यात रिकामा केला. अकरा मिली. उजव्याचे तेरा. रंग आता रक्ताचा राहिला नव्हता, पातळ कोकम सरबतासारखा झाला होता. पेला बेसिनात उलटा करून तिनं नळ सोडला, फुगे मुठीत दाबून चपटे केले आणि चपटे असतानाच बुचं लावली.

"हवा काढलीस का सगळी?" बाहेरून सुकुमारचा आवाज आला.

"काढली."

"हवा राहिली तर ओढणार नाही. फूटव्हॉल्व्हमध्ये हवा शिरली की—"

"मोटर फिरते, पाणी येत नाही. सहा दिवस ऐकतेय मी."

सुकुमार चौगुलेचं सांगलीत पंपदुरुस्तीचं दुकान होतं. जगातली कुठलीही गोष्ट त्याला पंपाशिवाय समजत नसे, आणि पंपातून समजली की मग तो ती सोडत नसे. बायकोच्या पोटाला दोन पंप लागले म्हटल्यावर त्याला धीर आला होता, हे शैलजाच्या लक्षात आलं होतं. हर्निया म्हणून शेजारीपाजारी सांगायचं, हेही त्यानंच ठरवलं. दोन वर्षं आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन शैलजाची साखर आटोक्यात आली, छत्तीस किलो वजन उतरलं, आणि पोटावरची कातडी तेवढी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत राहिली. ती काढून टाकायचं ऑपरेशन होतं हे. बावन्नाव्या वर्षी पोट सुंदर करून घेतलं म्हटलं असतं तर वरच्या मजल्यावरच्या कुसाळेकाकूंना महिनाभर पुरलं असतं. तशाही त्या काल विचारून गेल्याच होत्या, "हर्नियाला दोन-दोन नळ्या?"

फुग्यांच्या मानेशी रुपयाएवढी एकेक चकती होती. ती मात्र नवी. पूर्वी नळीतून किती पाणी येतं तेवढंच मोजायचे. चकती त्या पाण्यातून कोण कोण येतंय तेही बघायची. प्रत्येक पेशी तिच्यासमोरून जाताना ती तिची ओळख वाचायची: ही रुग्णाची, हा जंतू, हा अमुक जातीचा जंतू. आपलं आणि परकं, एवढी वाटणी तिला पक्की येत होती. परकं वाढलं की लाल दिवा आणि दवाखान्याला निरोप. सगळं ठीक असलं की हिरवा.

आज उजव्या चकतीवर पिवळा दिवा होता.

अकरा वाजता लोंढे सिस्टर आल्या. एस्तेर लोंढे, वय चोपन्न, मिरजेत नर्सिंग शिकलेल्या आणि तिथंच अठ्ठावीस वर्षं काढलेल्या. आता गुडघ्यांना वॉर्ड झेपत नव्हता म्हणून दवाखान्यानं त्यांना घरोघरी जायचं काम दिलं होतं. स्कूटरला पुढं डबा, डब्यात कात्र्या, चिमटे, पट्ट्या, आणि चकत्या धुवायची पिचकारी.

त्यांनी फोनवर चकतीचा निरोप उघडला आणि दोनदा वाचला.

"परक्या मानवी पेशी. पुरुषाच्या. दहा लाखांत चार. नमुना मिसळला असण्याची शक्यता."

परवाच्या खेपेला, इथं यायच्या आधी, त्या कुपवाडला एका तरुणाकडं गेल्या होत्या. त्यानं छातीवरची चरबी काढून घेतली होती; त्यालाही अशाच दोन नळ्या. तिथं चकती धुतलेली पिचकारी इथंही वापरली की काय? अठ्ठावीस वर्षांत आपल्याकडून असं झालं नव्हतं, असं त्या स्वतःला सांगू लागल्या. त्यांनी शैलजाचा कागद उघडून बघितला. रक्त कधी चढवलं? नाही. अपत्ये? तिथं सुकुमारच्या टोकदार अक्षरात शून्य होतं. म्हणजे चूक आपलीच. त्यांनी "नमुना मिसळला" या चौकटीवर खूण केली. नियम असा की मग नवी पिचकारी आणायची, दोन दिवस थांबायचं आणि पुन्हा वाचायचं.

"काय म्हणतीय ती?" सुकुमारनं विचारलं.

"काही नाही. परवा पुन्हा बघू. पाणी कमी होतंय, ते चांगलं आहे. एका नळीचं दिवसाचं पाणी तीस मिलीच्या आत आलं आणि सलग दोन दिवस तसंच राहिलं, की काढायची."

"आधी काढली तर?"

"आत पाणी साचतं. मग सुईनं ओढायला लागतं."

"आणि ठेवली जास्त दिवस तर? असू दे की, काय बिघडतं?"

"नळी म्हणजे वाट आहे, भाऊ. आतलं बाहेर येतं तसं बाहेरचं आत जातं. म्हणून लवकर नको आणि उशिराही नको."

शैलजा पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती. "काढताना दुखतं?"

"दुखतं म्हणणार नाही. विचित्र वाटतं. आतून काहीतरी सरसरत निघाल्यासारखं, थोडी आग. पाच-सात सेकंद. मोठा श्वास घ्यायचा, आणि सोडताना मी ओढणार. नंतर नळी बघून मात्र सगळे घाबरतात. बाहेर दिसते त्याहून आत किती तरी जास्त असते."

"मी नाही घाबरणार," शैलजा म्हणाली. "लवकर काढा म्हणजे झालं. यांचं पंपपुराण थांबेल."

दोन दिवसांनी सिस्टर कोरी पिचकारी घेऊन आल्या. पाणी तीसच्या आत होतं. काढायचं सामानही बरोबर होतं. चकती धुतली, अर्धा तास वाट बघितली, आणि आता दोन्ही चकत्यांवर पिवळा दिवा लागला.

"परक्या मानवी पेशी. पुरुषाच्या. दहा लाखांत पाच. रुग्णाशी निम्मं नातं."

सिस्टर फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. ऑपरेशन केलेल्या नेर्लेकर मॅडम दोन पेशंटांच्या मध्ये होत्या, घाईत बोलल्या.

"मिसळ नाही ती, सिस्टर. मागच्या वर्षभरात चार केसेस आल्यात. पोटात बाळ असतं ना, त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात आणि तिथंच राहतात. बाळंत झाल्यावरही. वीस वर्षं, तीस वर्षं. कधी काळजात सापडतात, कधी हाडाच्या मज्जेत. जखम झाली की तिकडं जातात, दुरुस्तीला लागतात, असं दिसतंय. जुनीच माहिती आहे. चकती इतकी बारीक वाचायला लागली म्हणून आता दिसतंय, एवढंच."

"पण मॅडम, यांना मूल नाही."

"मग कधीतरी राहिलं असेल. तो आपला विषय नाही. पेशंटला काही सांगू नका, उगाच त्रास होतो. चकतीच्या कंपनीला मी कळवलंय, पुढच्या सुधारणेत हा निरोप दिसणारच नाही. तुम्ही आज नळ्या काढून टाका."

सांगू नका, उगाच त्रास होतो. एस्तेर लोंढेंना हे वाक्य पाठ होतं. विशीत त्या बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या तेव्हा रोज ऐकलेलं. बाळ गेलेलं असलं की ते पटकन टॉवेलात गुंडाळायचं, आईचं तोंड भिंतीकडं करायचं आणि मागच्या दारानं वडिलांच्या हातात द्यायचं. दाखवलं तर ती सावरत नाही, असं मोठ्या सिस्टर सांगायच्या. किती गुंडाळली ते त्यांनी मोजलं नव्हतं, आणि मोजलं नव्हतं याचंच त्यांना पुढं वाईट वाटायला लागलं होतं.

त्या आत आल्या. सुकुमार स्वयंपाकघरात चहाला आलं किसत होता.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? नको असेल तर नका सांगू. तुम्हाला कधी दिवस गेले होते?"

शैलजानं स्वयंपाकघराकडं बघितलं. मग खिडकीकडं.

"सत्तावीस वर्षं झाली. सातवा सरत आला होता. हालचाल थांबली म्हणून मिरजेला नेलं. इंजेक्शन दिलं, मग मला नीटसं आठवत नाही. जागी झाले तर सासूबाई उशाशी. म्हणाल्या, झालं ते झालं, मागं बघायचं नाही. नंतर राहिलंच नाही कधी."

"बघितलं होतं?"

"छे. दाखवलंच नाही. मुलगा होता हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. फरशी पुसायला आलेल्या मावशी म्हणाल्या, पोरगा होता गं बाई. त्या एकट्याच. खरं की खोटं, काय माहीत."

सिस्टरांनी मनातल्या मनात साल तपासलं. त्या वर्षी त्या मिरजेतल्याच दुसऱ्या दवाखान्यात होत्या. पुन्हा एकदा तपासलं. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सांगितलं. मुलगा होता, मावशी खरं बोलल्या. त्याच्या काही पेशी तुमच्या अंगात राहिल्या, जिवंत आहेत, आणि पोटावर चिरा पडल्यावर तिकडं आल्यात. फार थोड्या. दहा लाखांत पाच.

शैलजानं सगळं ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. फुग्याला बोट लावून म्हणाली, "म्हणजे यात?"

"यात."

"सिस्टर, मग आठ दिवस मी रोज बेसिनात काय ओतत होते?"

सुकुमार चहा घेऊन आला, बिस्किटं आणायला परत गेला, आणि तेवढ्यात शैलजानं त्यांचा हात धरला. "आज नका काढू. एक दिवस द्या. यांना काही बोलू नका."

सिस्टरांनी एक दिवस दिला. कागदावर "रुग्णाला अशक्तपणा" असं लिहिलं. खोटं लिहिण्याची सवय नसल्यामुळं अक्षर वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी पाणी अठ्ठावन्न मिली होतं. तिसऱ्या दिवशी एकाहत्तर. नियम तीसचा, त्याच्या वर असताना नळ्या काढता येत नाहीत, हे सिस्टरांनीच शिकवलं होतं. पण तेरावर आलेलं पाणी उगाच सत्तरवर जात नाही. चौथ्या दिवशी सुकुमारचाच फोन आला.

"सिस्टर, तुमी काय सांगितलंय का हिला व्यायाम करायला?"

"कसला व्यायाम?"

"अहो, घरात मशीन असताना चादरी हातानं धुवायलीय. मोलकरणीला आठवडाभर सुट्टी दिली. काल गुडघ्यावर बसून सगळी फरशी पुसली, आज बघतोय तर पलंग एकटीनं सरकवायलीय. मी बोललो तर माझ्यावरच ओरडते. आणि बेसिनात काही ओततही नाही. विचारलं तर म्हणते, तुम्हाला काय करायचंय."

सिस्टरांना कळलं. शरीर जेवढं हलेल तेवढं आत पाणी सुटतं. म्हणून तर पंधरा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं सांगतात. ते सगळं शैलजानं लक्ष देऊन ऐकलं होतं आणि उलटं करून वापरलं होतं. त्या दिवशी त्या गेल्या, रागावल्या, हात जोडले. शैलजा मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी त्र्याऐंशी.

ऑपरेशनच्या चौदाव्या दिवशी सकाळी दहाला दोन्ही चकत्या लाल झाल्या. शैलजाला ताप होता. सिस्टर दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या कानाशी नेर्लेकर मॅडमचा फोन चालूच होता. "जंतू नळीतूनच शिरलेत. पाणी किती का असेना, आता काढा. गोळ्या सुरू करा. आज निघाल्या नाहीत तर उद्या टेबलावर घेऊन पोट उघडून धुवावं लागेल, आणि मग मला कसलीच खात्री देता येणार नाही."

शैलजा पलंगावर टेकून बसली होती, दोन्ही हात परकराच्या नाडीवर, पिनांवर. गाल तापानं लाल. सुकुमार दारात उभा होता आणि त्याच्या हातात काचेची एक बरणी होती. लोणच्याची रिकामी बरणी, अर्ध्याच्या वर भरलेली.

"हे फ्रीजमध्ये होतं," तो सिस्टरांना म्हणाला. "दह्याच्या मागं, फडक्यात बांधून. हिचं डोकं ठिकाणावर आहे का नाही, तुमीच सांगा."

"खाली ठेवा ते," शैलजा म्हणाली. "नीट ठेवा."

"अगं, घाण आहे ही!"

"घाण नाही. तो आहे त्यात."

"कोण तो?"

शैलजानं सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी मान हलवली. हे मी सांगायचं नाही, तुम्ही सांगा. मग शैलजानं नवऱ्याला सांगितलं. तुटक, दोन-चार वाक्यांत. पेशी, जखम, दहा लाखांत पाच. सुकुमार पंपात बसवून बघायचा प्रयत्न करत असावा, पण या वेळी ते बसेना. त्यानं बरणी अलगद टेबलावर ठेवली. खुर्ची ओढली. बसला.

वरच्या मजल्यावर कुसाळेकाकू मिक्सर फिरवत होत्या.

"तुम्ही बघितलं होतंत ना त्याला?" शैलजानं विचारलं.

"बघितलं होतं."

"कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस." तो थांबला. "नाही, हे खोटं झालं. विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं. आई म्हणाली होती, विषयच काढू नका, म्हणजे विसरेल."

"कसा होता?"

सुकुमारनं तळवे गुडघ्यांवर घासले. "केस होते. बरेच. कपाळाला चिकटलेले. हनुवटीला तुझ्यासारखी खळी. एक मूठ मिटलेली होती. मी उघडून बघितली, उगाचच."

"काय होतं?"

"काय असणार? नखं होती. एवढी-एवढी." त्यानं करंगळीच्या टोकावर अंगठ्याचं नख टेकवून दाखवलं. "थोरले दादा गाडी चालवत होते, मी मागं बसलो मांडीवर घेऊन. गावापर्यंत. रस्ता खराब. खड्डा आला की मी हात असा धरायचो, डोक्याखाली." हात हवेत तसाच धरून तो क्षणभर बघत राहिला, मग त्यानं तो मांडीवर ठेवला. "काय उपयोग होता त्याचा? पण धरायचो."

"कुठं ठेवलंत?"

"मळीत. आपल्या रानाची नदीकडची पट्टी. दादांनी खड्डा काढला. मी वर्षातनं एकदा जायचो, पंप बघायला जातो म्हणून."

"मला न्याल?"

"नाही नेता येणार, शैला. त्या मोठ्या महापुरात ती कडच गेली. अर्धा एकर नदीत. पाणी उतरल्यावर मी गेलो तर उभं राहायला जागा नव्हती. तिथं आता नुसती नदी आहे."

शैलजानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती सिस्टरांशी बोलत होती, नवऱ्याशी नाही. "ऐकलंत? जमिनीत नाही, फोटो नाही, नाव नाही. कागदावर शून्य लिहिलं यांनी. एवढंच राहिलंय, आणि तुम्ही ते काढायला आलाय."

सिस्टरांनी हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली. जोर करून नळी काढता येते, त्यांनी काढलेलीही होती, पण त्या काही इथं आज तसं करणार नव्हत्या.

सुकुमार बरणीकडं बघत होता. "सिस्टर, यातलं जिवंत आहे?"

खरं सांगायचं की नाही, असा विचार करायलाही आता उशीर झाला होता. "नाही. बाहेर आलं की फार तर काही तास. मग संपतं."

"फ्रीजमध्ये ठेवलं तरी?"

"तरी."

शैलजाचा चेहरा बघवत नव्हता.

"मग तू काय करायलीस, शैला?" सुकुमार म्हणाला. तो रागावला नव्हता, एखादा बिघाड सापडल्यावर बोलतो तसा हळूहळू बोलत होता. "पाणी थांबायला आलं होतं. तो आत आला होता, आपलं काम करत होता. तू फरशा पुसून, चादरी पिळून त्याला ओढून बाहेर काढलंस. रोज. उपसा लावलायस तू. असाच चालू ठेवलास तर आत काय राहील?" तो उठून पलंगापाशी आला. "उपसा बंद कर. राहू दे त्याला आत."

शास्त्र लावायला गेलं तर हे फारसं टिकणारं नव्हतं. चकतीसमोरून गेले ते थोडे. अंगात किती असतील, कुठं कुठं असतील, कोण मोजणार? महिनाभर उपसूनही संपले नसते. लोंढे सिस्टरांना हे माहीत होतं. पण त्यांनी नुसता ट्रे जवळ ओढला.

शैलजानं पिनांवरचे हात काढायला बराच वेळ घेतला. आधी एक. मग दुसरा.

"ते मी नदीला नेतो," सुकुमार बरणीकडं हात करून म्हणाला.

असलं पाणी पिवळ्या पिशवीत घालून दवाखान्यात परत करायचं असतं. त्याला सही लागते. "मी बरणी बघितलेली नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि हातमोजे चढवले.

त्यांनी शैलजाला आडवी केली, गुडघ्यांखाली उशी दिली. दोन्ही फुग्यांची बुचं उघडली. आतली ओढ आधी सोडायची असते, नाहीतर नळी आतल्या मांसाला धरून बसते. चपटे फुगे सावकाश फुगले. नळीच्या तोंडाशी कातडीला घातलेला काळा टाका होता, तो चिमट्यानं उचलून कापला. कट असा बारीक आवाज आला आणि शैलजानं नवऱ्याचं मनगट पकडलं.

"श्वास घ्या. मोठा. आता सोडा."

डावी नळी निघाली. शैलजाच्या ओठांतून आवाज आला तो कळेचा नव्हता, दचकल्याचा होता. वीतभर, मग आणखी चार बोटं, भोकं-भोकं असलेली चपटी पांढरी पट्टी, तिला कुठं कुठं वाळक्या रक्ताचे धागे. सिस्टरांनी लगेच बोळा दाबून धरला.

"झाली?"

"एक झाली."

"बघू दे."

त्यांनी दाखवली. शैलजा बघत राहिली. घाबरली नाही, आधी म्हणाली होती तशी.

"दुसरी थांबून काढू का?"

"नको. काढा."

दुसऱ्या वेळी तिनं श्वास घेतला तो सोडायलाच तयार होईना. सुकुमार तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला, सिस्टरांना ऐकू आलं नाही. मग श्वास सुटला आणि नळीही आली. चकतीवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि वाचायला काहीच उरलं नाही तेव्हा विझला.

सिस्टरांनी दोन्ही बोळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या. ताप पुन्हा बघितला, गोळ्यांच्या वेळा सुकुमारला समजावल्या. आज-उद्या थोडा ओलावा येईल, पट्टी भिजेल, भ्यायचं नाही. पोट एका बाजूला फुगलं, पू आला, ताप उद्या संध्याकाळपर्यंत उतरला नाही, तर लगेच फोन. आणि वाकायचं नाही. फरशी नाही, चादरी नाही.

"नाही," शैलजा म्हणाली.

पट्टीची एक कड उचलून ती खाली बघत होती. नळी गेली तिथं पेन्सिलच्या टोकाएवढं भोक होतं, कडा ओल्या, आत अंधार.

"हे शिवणार नाही तुम्ही?"

"नाही. याला टाका घालत नाहीत, आतलं पाणी कोंडतं. तीन-चार दिवसांत बुजतं."

"बुजवतं कोण?"

"कुणी नाही, ताई. आपोआप बुजतं."

शैलजानं पट्टी पुन्हा नीट बसवली. तळहात तिच्यावर टेकवला आणि तसाच राहू दिला.

"सिस्टर," ती म्हणाली, "आपोआप म्हणजे कोण?"